रत्ने, तुझं पोट दुखत होतं

रत्ने,

तुझ्या शोकसभेत मी प्रोजेक्टरची वायर ओढली. दुसरं कुणी तिखटमीठ लावून सांगायच्या आत मीच सांगते.

सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. हार घातलेला फोटो, समई, भाड्याच्या खुर्च्या. नवरा म्हणून विजयभाऊ पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते आणि शेजारी तुझी लेक पूनम, पाठ ताठ करून. आपल्याला कॉलेजात मराठी शिकवायचे ते सर बोलायला उठले. निवृत्त झाल्यापासून शहाद्यातली एकही सभा त्यांच्याशिवाय होत नाही हे तुला माहीत आहे. तू त्यांची नक्कल करायचीस, चष्मा कपाळावर आणि बोट छताकडे. अगदी तस्संच बोट वर करून ते म्हणाले, "रत्ना वेडाच्या उंबरठ्यावर उभी राहून आपल्याशी बोलत होती. अस्सल प्रतिभेला हा शाप लागतोच. पुढे उपचार झाले, ती आपल्यात परत आली, पण तिच्यातली कलावंत मात्र तिकडेच राहिली."

लोकांनी माना डोलावल्या. मागून कुणीतरी "वा" म्हणालं. शोकसभेत, वा.

मग त्यांनी तो व्हिडिओ लावला. एस. टी. स्टँडवरचा. भर उन्हाळ्यातली दुपार, तू अनवाणी, पदर खांद्यावरून घसरलेला, ओठ सुकून फाटलेले. गोल करून उभी असलेली माणसं, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. तू कोंबड्याशी भांडत होतीस. "कसाले आरडस रे? आम्हले उठाडाना सरकार तुले पगार देस का?" हे तुझ्या एकपात्रीतलं वाक्य तू एकदा म्हणालीस तेव्हा लोक हसले. मग तेच पुन्हा, मग पुन्हा, आणि तुझे डोळे कुणाकडेच पाहत नव्हते. लोक तरी हसतच होते. कंडक्टरने शिट्टी वाजवली तर त्यालाही तू कोंबडा समजलीस.

"हा तिचा सर्वांत उत्स्फूर्त आविष्कार," सर म्हणाले.

मला पूनमचा चेहरा दिसला. मी उठले आणि वायर ओढली.

पडदा काळा झाला. सर हळूच म्हणाले, "भाभी," लग्नानंतर सगळं गाव मला हेच म्हणतं, "भावना समजतात. पण कला आणि आजार यांच्यातली रेषा फार पातळ असते."

मी म्हटलं, "सर, तुम्हाला शुगर आहे. ती वाढते तेव्हा तुमचे लेख चांगले उतरतात का?"

दोन-चार बायका हसल्या. सर हसले नाहीत. मी पुढे म्हणाले, "त्या दिवशी ती आजारी होती. तीन रात्री झोपली नव्हती. तिला हात धरून सावलीत न्यायला हवं होतं, तुम्ही लोकांनी तिचं शूटिंग केलं. आणि ती मेली ती कॅन्सरने. हे तरी एकदा मोठ्याने बोला."

मग मी खाली बसले. माझ्यासारखी आयुष्यभर साड्यांच्या घड्या घालणारी बाई भरसभेत बोलली, यावर तू महिनाभर हसली असतीस.

राग म्हणतात तो हा नव्हता, रत्ने. राग मला माहीत आहे, तो चहा घेतला की उतरतो. ही शिसारी आहे. ताटात केस निघाल्यावर घास गिळता येत नाही, तसं तुझ्याविषयीचं प्रत्येक गोड वाक्य मला गेले काही दिवस गिळता येत नाही. तू गेलीस त्या सकाळपासून हे सुरू झालं. तुझ्या दारात उभी होते. रनाळ्याहून, म्हणजे तुझ्या माहेरहून, माणसं येत होती, गल्लीतल्या बायका येत होत्या. एकीने मला बाजूला घेतलं आणि कानाशी येऊन विचारलं, "काही घेयेल व्हतं का वं तिनी?"

मी म्हटलं, "नाही. कॅन्सर होता. पोटाचा."

तिचा चेहरा पडला. खरंच पडला, रत्ने. काहीतरी मोठं ऐकायला आली होती आणि हाती साधं दुखणं लागलं. तिच्यामागे अशा कितीतरी आल्या. तू विष घेतलं असतंस, तापीच्या पुलावरून उडी मारली असतीस, तर तुझी कथा त्यांच्या मनासारखी पुरी झाली असती.

म्हणून कशी झाली ते मी लिहिते. तुला ठाऊकच आहे, पण पूनम वाचेल.

तू एकपात्री करायचीस. शाळेच्या स्नेहसंमेलनात एकदा सहज बोललीस आणि लोकांनी उचलून धरलं. मग नवरात्रातले मंडप, बचत गटांचे मेळावे, लग्नाच्या आदल्या दिवशीचे कार्यक्रम. तुझं गाजलेलं एकपात्री म्हणजे "मन्ही माय". अहिराणीतून कोंबड्याला, सरपंचाला, पावसाला, नवऱ्याला शिव्या घालणारी, तोंडाला क्षणाची उसंत नसलेली खेड्यातली बाई. लोक पोट धरून हसायचे. प्रकाशा, सारंगखेडा, कुठे कुठे तू ते केलंस. मी गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना सांगायचे, ही माझी मैत्रीण.

मग ती दुपार आली, स्टँडवरची. तुला धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी नाव सांगितलं, दोन टोकांचा आजार, कधी माणूस उधळतो, कधी खोल बुडतो. गोळ्या सुरू झाल्या. तुझे हात कापायला लागले, तोंड कोरडं पडायचं, अंगावर सूज चढली. तू स्टेजवर तांब्या घेऊन जायला लागलीस. दोन वाक्यं झाली की घोटभर पाणी. सर तेव्हा तुझ्या घरी येऊन म्हणाले होते, "बघ हं, या गोळ्या आधी कल्पनाशक्ती मारतात." तू त्यांचं ऐकलंस आणि गोळ्या बंद केल्यास. त्यानंतर जे झालं ते मी इथे लिहीत नाही. पूनमने ते पाहिलंय, तेवढं पुरे. सर तेव्हा फिरकले नाहीत. कल्पनाशक्ती जिवंत राहिली की नाही ते बघायलाही आले नाहीत.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, थोड्या बदलून, आणि या वेळी तू चिकाटीने घेतल्यास. धुळ्याच्या डॉक्टरांनीच पुण्याच्या बाईंचं नाव सुचवलं. त्या मनोविश्लेषण करायच्या. आठवड्यातून दोनदा फोनवर तासभर. तुझ्या घरात दार लावायची पद्धत नव्हती. दार लावलं की तुझी सासू बाहेरून विचारायची, "काय करी ऱ्हायनी वं आत?" म्हणून तू माझ्या दुकानावरच्या गोदामात यायला लागलीस. साड्यांच्या खोक्यांमध्ये एक गादी टाकली होती. तू आडवी होऊन छताकडे बघत बोलायचीस आणि मी जिन्याच्या खाली बसून कुणाला वर जाऊ देत नसे. माझ्या सासऱ्यांना सांगितलं होतं की तू माझ्यासाठी स्टॉक मोजतेस.

पहिल्या दिवशी खाली उतरलीस तेव्हा मी विचारलं होतं, "काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. मीच बोलत होते."

"मग हे एकपात्रीच की."

"हो. पण टाळ्या नाहीत," तू म्हणालीस. "सुशे, टाळ्या नसल्या की किती वाईट बोलतो आपण."

सुरुवातीचे महिने फुकट गेले असं तू म्हणायचीस. बाई पुण्याच्या, म्हणून तू शाळेतल्यासारखं मराठी बोलायचीस. माझी आई कष्टाळू होती, तिने आम्हाला संस्कार दिले, वगैरे. एक दिवस जिना उतरताना चिडून म्हणालीस, "शुद्ध मराठीमा सांगस तं मन्ही माय बी शुद्ध व्हई जास. ती तशी नव्हती."

हेच तू पुढच्या खेपेला त्यांना सांगितलंस. त्या म्हणाल्या, "आईशी ज्या भाषेत बोलायचात तीच बोला. मला कळलं नाही तर मी विचारेन." आणि खरंच विचारायच्या. आठे म्हणजे इथे, आंडेर म्हणजे मुलगी. तू त्यांना शब्दाचा अर्थ सांगायला थांबायचीस आणि थांबल्यावर कधी कधी पुढचं बोलताच यायचं नाही. अशाच एका दिवशी वरून रडण्याचा आवाज आला. मी दोन पायऱ्या चढले आणि परत खाली बसले.

खाली आल्यावर तू पाणी प्यायलीस आणि एका दमात सांगितलंस. स्टेजवरच्या मायचं तोंड कधी बंद नसायचं, आणि तुझी खरी माय बोलायचीच नाही. महिनोनमहिने भिंतीकडे तोंड करून बसायची. मांडीत कापसाची बोंडं असायची, हात हलायचे नाहीत. घरातले म्हणायचे, कामचुकार आहे. आणि तू, शेंबडी पोर, तिच्या मागे उभी राहून सगळ्यांच्या नकला करायचीस. आत्याची, दूधवाल्याची, कोंबड्याची. ती वळून बघावी म्हणून.

"वळली कधी?" मी विचारलं.

"एकदा. कोंबड्याला."

मग आपण दोघी बराच वेळ साड्यांच्या खोक्यांवरची लेबलं वाचत बसलो.

तुझ्या बाईंवर लोक काहीबाही बोलले. तासाला पैसे घेऊन नुसतं हं हं करते, विजयभाऊंच्या भावाने तर म्हटलं की बायको बिघडवायची नवीन तऱ्हा आहे. मलाही सगळं पटत होतं असं नाही. पण एक मी डोळ्यांनी पाहिलं. तुझी कला वेडातून आली नव्हती. वेडाच्या फार आधी ती तिथे होती, भिंतीकडे तोंड करून बसलेल्या आईच्या पाठीमागे उभी. आजार मधे आला आणि त्याने तिचं एकच वाक्य धरून ठेवलं, अडकलेल्या कॅसेटसारखं. स्टँडवर जे झालं ते तेच होतं. सरांनी तीच कॅसेट एवढी वर्षं जपून ठेवली.

बरी झाल्यावर तू नवं एकपात्री बसवलंस. "पाठमोरी". तू स्टेजवर येऊन लोकांकडे पाठ करून बसायचीस आणि मांडीत कापूस. बराच वेळ काहीही घडायचं नाही. मग एका लहान मुलीचा आवाज, तोही तुझाच, पाठीमागून नकला करणारा. शेवटी तू वळायचीस, एवढंच. पहिला प्रयोग रनाळ्याला, तुझ्याच गावात. लोक "मन्ही माय"ची वाट बघत होते. पोरांनी शिट्ट्या वाजवल्या, पुढच्या रांगेतले पुढारी उठून गेले. संपल्यावर एक म्हातारी काठी टेकत विंगेत आली आणि तुझा हात धरून म्हणाली, "मन्ही सासू बी अशीच बठी ऱ्हाये. आम्ही तिले आळशी म्हनूत." आणि तुझा हात सोडेना.

पाठोपाठ सरांचा लेख आला. औषधांनी धार गेली, हसवणारी रत्ना हरवली. तो लेख तू मला वाचून दाखवलास आणि त्याच कागदात गिऱ्हाइकाचा ब्लाउजपीस बांधून दिलास.

आपला वाद मात्र "पाठमोरी"वरून झालाच. त्याच प्रयोगानंतर तू पुढे येऊन लोकांना सांगितलंस, "मी आजारी व्हतू. आते गोळ्या लेस. तुम्ही बीपीनी लेतस ना, तशी." मला धडकी भरली. परतीच्या गाडीत मी म्हटलं, हे कशाला सांगायचं? कलेचं कलेत ठेव, औषधाचं डब्यात ठेव. तू म्हणालीस, लपवलं म्हणून तर मायचं असं झालं. मी म्हटलं, तुझ्या मायचं गाव वेगळं होतं, हे शहादं आहे, इथे लोक कागद जपून ठेवतात आणि वेळ आली की काढतात. पूनमचं लग्न व्हायचंय. तू म्हणालीस, ज्याला चालणार नाही त्याने करू नये. मी म्हटलं, एवढं सोपं नाही. तू खिडकीबाहेर ऊस बघत राहिलीस. पुढे जेव्हा जेव्हा भेटलो तेव्हा हा वाद थोडा थोडा करून झाला आणि कधीच मिटला नाही.

मी जिंकले तो वाद, रत्ने. कसा जिंकले ते सांगताना तोंड कडू होतं.

तुझं पोट दुखायला लागलं. भाकरी अर्धी खाल्ली तरी गच्च भरल्यासारखं वाटायचं. परकर सैल करून बांधायला लागलीस. मी म्हटलं, चाळिशी उलटली, सुटतंच. विजयभाऊ म्हणाले, "तुन्हं नेहमीनंच शे." तुझी जाऊ म्हणाली, डोक्याच्या गोळ्यांनी पोट सुटतं. मग तू गावातल्या त्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलीस. त्यांनी तुझे प्रयोग पाहिले होते, ओळख निघाली, चहा मागवला. विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना अजून?" तू हो म्हणालीस. पुढे त्यांना काही विचारायची गरजच उरली नाही. "कलावंत माणसं तुम्ही, रत्नाताई. मनाला लावून घेता, मग ते पोटात उतरतं." गॅसची गोळी दिली. पोटाला हात लावला नाही. दुसऱ्यांदा गेलीस तेव्हाही नाही. तिसऱ्यांदा म्हणाले, "तुमच्या पुण्याच्या मॅडमशी बोला याविषयी."

तू बोललीस. आणि हे मला सगळ्यात लागलं, रत्ने, की त्या बाईंनीही आधी विचारलं, हे पोट काय सांगतंय? किती तरी खेपा तू गोदामात पडून पोटाविषयी बोललीस. मायचं पोट, तुझं बाळंतपण, पोटात ठेवलेली गुपितं. खाली यायचीस ती थकून. एकदा मला म्हणालीस, "बहुतेक काहीतरी सापडतंय." मी जिन्यावर बसलेली बाई, मला काय कळणार. मला तुझा चेहरा उतरलेला दिसत होता, हाडं वर आली होती आणि पोट मात्र मोठं होत होतं.

न्याय करायचा तर हेही सांगायला हवं की थांबल्या त्याच. एका खेपेला बोलणं मधेच तोडून त्यांनी विचारलं, "पोटाची सोनोग्राफी कधी केलीत?" तू म्हणालीस, कुणी लिहूनच दिली नाही. त्या म्हणाल्या, "मग आज आपण बोलणार नाही. आत्ता जा."

तू उतरलीस, मी गल्ला मुलाकडे दिला आणि आपण नंदुरबारला गेलो. ती सोनोग्राफी करणारी तरुण डॉक्टरीण आधी गप्पा मारत होती. मग बोलायची थांबली. पडद्याकडे बघत तिने यंत्र पुन्हा त्याच जागेवर नेलं आणि तुझा हात धरला. एवढ्या महिन्यांत तुझ्या पोटाला हात लावणारी ती पहिली. अंडाशयात गाठ होती आणि पोटात पाणी भरलं होतं. नाशिकला म्हणाले, लवकर आला असता तर. हे वाक्य डॉक्टर लोक कसं बोलू शकतात मला कळत नाही. तू लवकरच आली होतीस. तुला परत पाठवलं होतं.

ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले. या सगळ्यात तू एकदाही बिघडली नाहीस, हे कुणी बोलत नाही. आपण सगळे बिघडलो. विजयभाऊ वॉर्डात भांडले, मी देवाला काय काय बोलले, आणि तू वेळेवर तुझ्या त्या जुन्या गोळ्या मागून घ्यायचीस. नाशिकच्या खाटेवर तू डोक्याला रुमाल बांधून बसली होतीस आणि मी संत्रं सोलत होते. तू म्हणालीस, "पोटले अर्थ नव्हता, सुशे. पोटमा गाठ व्हती."

आणि हसलीस. मला हसता आलं नाही. तू म्हणालीस, यावर एकपात्री होतं. अर्थ शोधणारी माणसं रांगेने येतात, डॉक्टर, सर, नवरा, बाई, मैत्रीण, आणि गाठ आतून सगळ्यांचं ऐकते. तू त्या गाठीचा आवाजही काढून दाखवलास, जाडसर, कंटाळलेला. शेजारच्या खाटेवरची आदिवासी बाई तोरणमाळकडची होती, तिला तुझी भाषा धड कळत नव्हती, तरी ती इतकी हसली की नर्स धावत आली. तेव्हा तू बरी होतीस, रत्ने. डोकं पूर्ण ठिकाणावर होतं, गोळ्या पोटात होत्या, आणि तू तुझ्या आयुष्यातलं सगळ्यात धारदार काम त्या खाटेवर करत होतीस. त्याचं शूटिंग कुणी केलं नाही. कुणाला सुचलंही नाही.

तू गेल्यावर पुण्याच्या बाईंचा मला फोन आला. तुझ्या बोलण्यातलं काही त्या सांगणार नव्हत्या, मी विचारलंही नाही. म्हणाल्या, "मी काही आठवडे उशिरा विचारलं. ते माझ्याबरोबर राहील." मग म्हणाल्या, "त्यांनी मला अहिराणी शिकवली." मला त्यांचा राग राग करायचा होता, मी तयारीनेच फोन उचलला होता. पण त्या गावातल्या डॉक्टरांसारख्या सांत्वनाला येऊन तुझ्या दारात चहा प्यायल्या नव्हत्या. ते आले होते. "फार मनस्वी कलावंत होत्या," असं म्हणाले. मी कप उचलला आणि मोरीत नेऊन ठेवला. घासायची इच्छा झाली नाही.

तर मी बरोबर ठरले. तू स्टेजवरून सांगितलंस आणि लोकांनी ते तुझ्याविरुद्ध वापरलं. लपवलं असतंस तर त्या डॉक्टरांनी कदाचित पोट दाबून पाहिलं असतं. या विचाराची मला किळस येते, पण तो खोटा आहे असं मला म्हणता येत नाही. तू असतीस तर काहीतरी उत्तर दिलं असतंस. मी खूप शोधलं. तुझ्या आवाजात बोलूनही पाहिलं. आलं नाही.

परवाची गोष्ट सांगते. आमच्या खुशबूला, माझ्या सुनेला, बाळंतपणानंतर झोप येत नाही, उगाच धास्ती वाटते. तिला धुळ्याच्याच डॉक्टरांची एक छोटी गोळी चालू आहे. घरात फक्त मला आणि माझ्या मुलाला माहीत. परवा सकाळी तिच्या कमरेत कळ आली, उलट्या झाल्या. मी तिला घेऊन दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेले, नवीनच आलेत. त्यांनी विचारलं, "आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

मी तिच्या आधी म्हणाले, "नाही."

खुशबू म्हणाली, "आहे," आणि तिने नाव सांगितलं.

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि चेहऱ्यावर ते हसू यायला लागलं, रत्ने, समजूतदार, मऊ हसू. "टेन्शन घेतेस का बेटा फार?" मला ते हसू पाठ आहे. मी उभी राहिले.

"डॉक्टर," मी म्हटलं, "ती गोळी तिच्या झोपेची आहे. दुखतंय ते कमरेत. आधी तिला टेबलावर झोपवा आणि हात लावून बघा. मग टेन्शनचं विचारा, ती सगळं सांगेल."

ते जरा चपापले. उठले, टेबलाला वळसा घालून आले, तिला झोपवलं, दाबून पाहिलं. सोनोग्राफी लिहून दिली. मूतखडा निघाला. भरपूर पाणी प्यायला सांगितलंय.

रिक्षात बसल्यावर खुशबू म्हणाली, "मम्मीजी, तुम्ही किती ओरडलात. बाहेर बसलेले सगळे उठून बघत होते."

मी ओरडले नव्हते. शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं बोलले होते.